कोर्टानं मागितलेला शब्द

आमच्या माळगव्हाणात शिव्या देण्यात केशरकाकूचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिव्यांची सहकारी संस्था निघाली असती तर ती बिनविरोध चेअरमन झाली असती. कुणाची शेळी वस्तीतल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरली, हातपंपाचा दांडा कुणी मोडून ठेवला, एसटी फाट्यावर न थांबता धूळ उडवत निघून गेली, की काकूचा आवाज सुरू. त्यात समोरच्याच्या मेलेल्या आज्यापासून न जन्मलेल्या नातवंडापर्यंत सगळे यायचे. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तिथल्या मुकादमानं बायकांच्या हजेरीत घोळ केला, तेव्हा काकूनं त्याला जे ऐकवलं ते म्हातारी माणसं अजून सांगायला घेतात आणि अर्ध्यावर सोडतात, कारण समोर लेकीसुना बसलेल्या असतात.

एवढ्या साठ्यात एक शब्द मात्र नव्हता. आमच्या जुन्या जातीचं नाव. छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा काकू नवी नवरी होती. बायकांनी घरातले देव परातीत घालून ओढ्यात सोडले, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की तो शब्द आता कुणी तोंडातून काढायचा नाही. स्वतःबद्दल नाही, दुसऱ्याबद्दल नाही, थट्टेत नाही की रागात नाही. ठरवलं सगळ्यांनी, पण पुरतं पाळलं तिनंच. माझ्या आजीच्या तोंडून सवयीनं निघून जायचा, तेव्हा काकू हातातलं काम टाकून उठून बाहेर जायची. मीही तो इथं लिहिणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

मी गुलाब, तिच्या मोठ्या दिराचा मुलगा. पेशानं प्राथमिक शाळेतला मास्तर आणि स्वभावानं संशयी. दुकानदारानं हसून नमस्कार केला की माझं लक्ष आधी त्याच्या तराजूकडे जातं. बायको म्हणते, तुम्ही स्वतःच्या सावलीलाही नाव-गाव विचाराल. विचारीन. आमच्यासारख्यांनी न विचारता विश्वास ठेवला तेव्हा काय काय झालं, त्याची यादी बायकोकडे नसेल, माझ्याकडे आहे.

तर ऐंशीनंतरच्या एका कोरड्या वर्षाची ही गोष्ट. काका वारले होते. काकूला सरकारी योजनेतून एक म्हैस मिळाली होती, आणि गावच्या दूध संस्थेची ती सभासद झाली होती. संस्थेची एक रीत होती. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर किटल्या ओळीनं मांडायच्या आणि माणसांनी लिंबाखाली जाऊन बसायचं. नंबर किटलीचा, माणसाचा नाही. एरवी पुढचा नंबर काय आणि मागचा काय, दूध सगळ्यांचंच घेतलं जायचं. पण त्या साली कडबा संपला होता. जनावरांसाठी संस्थेत पेंड यायची ती पुढच्या किटल्यांना मिळायची, आणि मागच्यांची पाळी येईपर्यंत पोतं रिकामं झालेलं असायचं.

काकू दिवस उगवायच्या आधी किटली ठेवून यायची. पाळी सुरू झाली की ती किटली शेवटी सापडायची. रोज. कुणी सरकवली, कुणी पाहिली नाही. लिंबाखाली एवढी माणसं बसलेली, आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं आभाळाकडे.

एका संध्याकाळी काकू लिंबाखाली गेलीच नाही. किटलीजवळ ओट्यावर बसून राहिली. तेवढ्यात आण्णासाहेब आले. आण्णासाहेब म्हणजे संस्थेचे चेअरमन, गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, पांढरं धोतर, हळू बोलणं. त्यांनी ओट्यावर चढून काकूची किटली चपलेच्या टोकानं मागं सारली. काकूनं ती उचलून पुन्हा जागेवर ठेवली. मग ते जे बोलले, हळू आवाजातच बोलले, त्यात तो शब्द होता, आणि त्याला जोडून दुधाबद्दल आणि बाईमाणसाबद्दल असं काही होतं की लिंबाखालची माणसंसुद्धा आभाळ सोडून खाली बघायला लागली.

शिवलिंगप्पा तेव्हा दूध मोजत होते. ते संस्थेचे सचिव, लिंगायत, कपाळाला विभूती लावणारा नेमस्त माणूस. त्यांच्या हातातलं माप तसंच राहिलं. "आण्णासाहेब, असं बोलू नका," एवढं ते म्हणाले. बाकी कुणी एवढंही म्हणालं नाही.

आणि केशरकाकू, जिच्या शिव्यांना मुकादम घाबरला होता, ती गप्प. तिनं किटली उचलली, दूध घरी आणलं, झाकून ठेवलं आणि माझ्याकडे आली.

"गुलाब, पोलिसात जायचंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. हवालदारानं कागद पुढं ओढला. "काय बोलले?"

"जातीवरून बोलले."

"शब्द काय वापरला?"

"त्यो म्या तोंडातून काढत न्हाय. तुमाला ठाऊक हाय की."

हवालदार हसला आणि त्यानं लिहिलं, 'जातीवाचक शिवीगाळ करून अपमान केला.' बाहेर आण्णासाहेबांच्या पुतण्याची मोटारसायकल उभी होती. मला वाटलं, झालं, आपल्या आधी निरोप पोहोचला. घरी येईपर्यंत मी काकूला तेच सांगत होतो. पुढं कळलं की तो हवालदार अशा प्रत्येक फिर्यादीत हेच वाक्य लिहितो. शब्द लिहायचा म्हणजे कागद घाण होतो, असं त्याचं म्हणणं. असेलही. पण पुतण्या तिथं कशाला आला होता, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

खटला उमरग्याच्या कोर्टात चालला. काकूला विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं, किटली, पेंड, चप्पल. शब्दापाशी येऊन थांबली. "छप्पन साली सोडलाय साहेब त्यो," म्हणाली. लिंबाखालच्या माणसांपैकी एकालाही काही आठवत नव्हतं. उरले शिवलिंगप्पा. ते आले, आणि अपमान झाला असं शपथेवर म्हणाले. गावात चेअरमनच्या विरोधात असं म्हणणं म्हणजे खायचं काम नव्हतं. पण शब्द विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली. "बाई समोर उभ्या हायत. त्यांच्यादेखत कसा उच्चारू?" कोर्टानं मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. मला तेव्हा शिवलिंगप्पांचं कौतुक वाटलं होतं. आमच्याकडं भली माणसं असंच वागतात. घाण पुन्हा तोंडात घेऊन समोरच्याच्या अंगावर टाकत नाहीत. या भलेपणात कुठं भोक आहे हे आम्हा कुणालाच दिसलं नाही.

निकाल लागला. आण्णासाहेबांना एक महिन्याची कैद. वस्तीत गूळ वाटला गेला. मी माझा तुकडा हातातच धरून ठेवला होता, आणि संध्याकाळपर्यंत बातमी आलीच. वरच्या कोर्टात अपील करायचं म्हणून जामीन मंजूर, आण्णासाहेब घरी.

अपील पडून राहिलं, आणि त्या काळात गावात काय काय हललं ते मी एक डोळा उघडा ठेवून बघत होतो. पहिली गोष्ट किटलीची. काकूची किटली आता मागं जाईना. जिथं ठेवील तिथंच सापडायची, पेंडही मिळायची. चांगलं झालं, असं कुणीही म्हणेल. पण आमच्याच वस्तीत कुजबुज सुरू झाली. "केशरबाईनं आतून मिटवलेलं दिसतंय." ज्यांनी गूळ खाल्ला होता तेच बोलत होते. मला खात्री आहे, किटली जागेवर राहू देण्याची अक्कल आण्णासाहेबांचीच. माणूस चपलेनं जे करू शकला नाही ते त्यानं चप्पल आवरून केलं.

दुसरी गोष्ट शिवलिंगप्पांची. त्यांचा मुलगा बारावी नापास होऊन घरी बसला होता. तो साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून लागला. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटायचं काम, पण नोकरी ती नोकरी. कारखान्यात कुणाचा शब्द चालतो हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि मग एका बाजारच्या दिवशी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, सास्तूरच्या रस्त्यावर आण्णासाहेबांची मोटारसायकल, मागं शिवलिंगप्पा, मांडीवर पिशवी.

मी तडक काकूकडं गेलो. ती म्हशीला पाणी दाखवत होती.

"काकू, तुमचा साक्षीदार फुटला."

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्या गाडीवर बसून चालला होता. पोरगा कारखान्यात लागला. अजून काय पाहिजे?"

"गाडीवर बसला म्हणून माणूस इकला जातो व्हय?" ती म्हणाली. "त्या दिवशी एकटाच बोलला त्यो. तू तवा तिथं नव्हतास."

हे मात्र खरं होतं. मी नव्हतो. पण जे तिथं होते ते सगळे आभाळ बघत होते, तेव्हा माझ्या नसण्यानं काही अडलं नाही.

अखेर अपील सुनावणीला निघालं. जिल्ह्याला, उस्मानाबादच्या सेशन कोर्टात. आमची म्हातारी माणसं धाराशिवच म्हणायची. आण्णासाहेबांनी मोठा वकील दिला होता. तो उभा राहिला आणि त्यानं फक्त दोन गोष्टी मांडल्या. एक, अपमान झाला म्हणता, कोणत्या शब्दांनी? फिर्यादीत शब्द नाही, बाईच्या जबाबात शब्द नाही, साक्षीदाराच्या जबाबात शब्द नाही. मग खालच्या कोर्टानं शिक्षा दिली कशावर? दुसरी, बाई स्वतःला बौद्ध म्हणवते. बौद्ध धर्मात शिवाशिव नाही. मग अस्पृश्यतेवरून अपमान झाला कसा?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आम्ही तो शब्द सोडला म्हणून तो आम्हाला लागत नाही. आणि लागला हे दाखवायचं तर पुन्हा उचलून अंगाला लावून दाखवायचा. दोन्हीकडून त्यांचंच.

सरकारी वकील उठले. साक्षीदारांनी संकोचानं शब्द सांगितला नाही, त्यांना पुन्हा बोलवावं, अशी त्यांनी विनंती केली. अपिलात सहसा पुन्हा साक्ष होत नाही. पण न्यायाधीशांनी विचार करून परवानगी दिली, काकूला आणि शिवलिंगप्पांना. पुढची तारीख पडली. मी बाहेर आलो तर सरकारी वकील आणि आण्णासाहेबांचा वकील एकाच टपरीवर चहा पीत हसत होते. वकिलांचं ते रोजचंच असतं म्हणे. मला तो चहा आवडला नाही.

तारखेच्या दिवशी सरकारी वकिलांनी काकूला व्हरांड्यात गाठलं. "बाई, आज शब्द सांगावा लागेल. जसा बोलले तसा, पूर्ण."

"साहेब, खुनाच्या खटल्यात मेलेल्या माणसाला परत मरून दाखवाय लावता का?"

वकील हसायला गेले, आणि मधेच थांबले. "शब्दाशिवाय गुन्हा शाबीत होत नाही, बाई. तुम्ही गप्प राहिलात तर तो आज सुटला."

मी तिला म्हणालो, "काकू, एकदा बोलून टाका. तो सुटला तर उद्या सगळ्या किटल्या मागं जातील."

"किटलीचं मला सांगू नको," ती म्हणाली. "त्यो शब्द टाकला तवापासून म्या माणूस झाले असं वाटतंय मला. तुला न्हाय कळायचं. तू टाकल्यावर जलमलास."

आधी शिवलिंगप्पांना बोलावलं. त्यांनी शपथ घेतली. चेअरमन केशरबाईंना वाईट बोलले, अपमान केला, हे खरं, असं म्हणाले. मी बाकावर जरा मागं टेकलो.

"कोणते शब्द वापरले?"

"साहेब, बाई समोर बसल्यात. मला म्हणवत न्हाय."

"सांगावं लागेल," न्यायाधीश म्हणाले.

शिवलिंगप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "लई दिवस झाले साहेब. नेमके शब्द आता आठवत न्हाईत."

आधी म्हणवत नाही, लगेच आठवत नाही. मी आण्णासाहेबांकडं पाहिलं. ते घड्याळात बघत होते. शिवलिंगप्पांना खरंच तोंडातून काढवेना, की पोराच्या नोकरीनं त्यांचं तोंड धरलं होतं? मी आजवर ठरवू शकलेलो नाही. भल्या माणसाचा संकोच आणि लबाड माणसाची सोय बाहेरून अगदी सारखी दिसते. विकला गेलेला माणूस कमीत कमी ओळखू तरी यावा, तर तेही नाही.

मग काकूला पुकारलं. ती उभी राहिली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. वकिलांनी विचारलं, आणि ती बोलली. पूर्ण बोलली. तो शब्द, आणि त्याच्या पुढचं मागचं सगळं. पण तिचा आवाज, जो फाट्यावरच्या एसटीला गाठायचा, तो टाइप करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचला नाही.

"मोठ्यानं सांगा," न्यायाधीश म्हणाले.

ती पुन्हा बोलली. टाइपवाल्यानं अर्धं घेतलं आणि मान वर केली. तिला पुन्हा सांगावं लागलं. मग न्यायाधीशांनी स्वतःच तो शब्द सावकाश उच्चारून त्याला लिहायला सांगितला, कुठलंही गावाचं नाव लिहायला सांगावं तसा. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मला वाटलं उठून बाहेर जावं. पण मी गेलो असतो तर ती एकटी राहिली असती, म्हणून बसलो.

आण्णासाहेबांचा वकील उलटतपासणीला उठला. त्याचा आवाज अगदी गोड होता.

"बाई, हा शब्द तुम्ही पोलिसांना सांगितला होता?"

"न्हाय."

"उमरग्याच्या कोर्टात?"

"न्हाय."

"मग आज हा तुम्हाला कुणी शिकवला? व्हरांड्यात सरकारी वकिलांशी बोलत होता, मी पाहिलं."

काकू त्याच्याकडं वळली. "ह्यो शब्द मला शिकवावा लागतो व्हय, वकीलसाहेब?"

"एवढंच," वकील म्हणाला आणि बसला. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. काकूला ते कळलं नाही, मला थोडं थोडं कळत होतं.

निकालाच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं ते सरकारी वकिलांनी नंतर आम्हाला सोप्या भाषेत सांगितलं. अपमानाचे नेमके शब्द पहिल्यांदा अपिलात आले. आधी दोनदा संधी असून बाई बोलल्या नाहीत, म्हणून ही मागाहून केलेली भर असू शकते. स्वतंत्र साक्षीदाराला शब्द आठवत नाहीत. आरोपीला संशयाचा फायदा. आण्णासाहेब निर्दोष.

मी जन्मभर संशय घेत आलो, पण त्याचा फायदा असा रोख कधी कुणी माझ्या पदरात टाकला नव्हता. न्यायाधीशांचा मला राग यायला हवा होता. पण माणूस वाईट वाटला नाही. वाचताना एकदा काकूकडं बघून थांबलाही होता. त्याचंच जास्त लागलं. वाईट माणसानं सोडलं असतं तर घरी येऊन काकूला काहीतरी सांगता आलं असतं.

आम्ही आवारात आलो. काकू लिंबाच्या पाराला टेकून उभी राहिली. आण्णासाहेब वकिलाला आत सोडून आमच्याकडं आले. मागं थोड्या अंतरावर शिवलिंगप्पा, हातात दोघांच्या पिशव्या.

"केशरबाई," आण्णासाहेब म्हणाले, "झालं गेलं. एका गावात राहायचंय आपल्याला. मनात काय ठेवू नका."

मी लगेच हिशोब केला. संस्थेची निवडणूक दोन महिन्यांवर होती, आणि आमच्या वस्तीत मतं होती.

काकू सरळ उभी राहिली. "आण्णासाहेब, आता तर सुटलात. आता तुमाला कुणी कायबी करत न्हाय. खरं सांगा, म्हणला व्हता का न्हाय?"

आण्णासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. माझ्याकडं, गेटवरच्या पोलिसाकडं, शिवलिंगप्पांकडं. शिवलिंगप्पा पिशवीचे बंद बघत होते.

"रागात माणूस बोलून जातो, केशरबाई. म्हणलो होतो."

"काय म्हणला व्हता?"

त्यांनी गेटबाहेरच्या आपल्या जीपकडं पाहिलं.

"सांगा की. म्या आत परत परत सांगितला, जज्जसाहेबांनी सांगितला, टाइपवाल्यानं लिवला. ज्याचा हाय त्यानं एक डाव सांगावा."

"जाऊ द्या आता," ते म्हणाले. हळू आवाजातच म्हणाले. मग वळून जीपकडं गेले आणि शिवलिंगप्पा पिशव्या घेऊन त्यांच्या मागं. जाताना शिवलिंगप्पांनी काकूकडं बघून हात जोडले. ते कशासाठी जोडले, तेही मला सांगता यायचं नाही.

मी काकूला म्हणालो, "निकालाची नक्कल काढून घेऊ. हायकोर्टात जायला लागेल. त्यांनी आता कबूल केलंय, आपण दोघांनी ऐकलंय."

"नक्कल नको," ती म्हणाली. "त्यात कुणी काय म्हणलं ते समदं लिवलंय. अन् त्यो शब्द तोंडातून काढलेलं एकच माणूस हाय त्यात, गुलाब. केशरबाई."